वेंडी बर्ड खलनायिका आहे, पण बेनमुळे नाही

तुम्ही विचारलंय की 'ओझार्क' या अमेरिकन मालिकेतली (ड्रग कार्टेलचा काळा पैसा पांढरा करणाऱ्या मार्टी बर्डची बायको) वेंडी बर्ड खरंच खलनायिका आहे, की मुलांसाठी नाइलाजाने वाईट मार्गाला लागलेली आई. माझं उत्तर 'हो, आहे' असंच आहे. फक्त बहुतेक लोक ज्या प्रसंगावरून तिला तसं ठरवतात, तो माझ्या मते चुकीचा आहे. (मालिका २०२२ मध्ये संपली, त्यामुळे शेवटासकट सगळं लिहितोय. पाहायची असेल तर इथेच थांबा.)

तो प्रसंग तिसऱ्या सीझनमधला, तिच्या भावाचा. बेनला बायपोलर आजार आहे. औषधं थांबलेली, आणि तो हेलनच्या दारात, तिच्या मुलीसमोर नको ते बोलून बसलेला. हेलन म्हणजे ड्रग कार्टेलची वकील. वेंडी त्याला गाडीत घालून पळते. तो शेजारी बसून अखंड बोलत राहतो, आता नीट वागेन म्हणतो, आणि अगदी मनापासून म्हणतो. मग संधी मिळताच फोन मिळवून हेलनलाच लावतो, का, तर माफी मागायला! हा माणूस कुठेही लपून राहू शकणार नाही, हे वेंडीला उमजतं. रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये त्याला टेबलापाशी बसवून ती बाहेर येते आणि रडत गाडी काढते. पुढे त्याला कसं मारलं ते दाखवलेलंच नाही, आणि दाखवायची गरजही नव्हती.

भयंकर आहे. पण तिथे तिच्यासमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्हीकडे कुणीतरी मरणारच होतं. त्याला मी हतबलता म्हणेन. (लॉरा लिनीने ते जे केलंय ते पाहून मला पुढचा भाग लगेच लावता आला नव्हता.)

खरा हिशोब त्याच्या आधीचा आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मार्टीने पळून जायची सगळी तयारी केलेली असते, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला. नवरा-बायको आणि दोन मुलं, चौघंही सुटू शकले असते. नाही कोण म्हणतं? वेंडी. कसिनो उभा राहिलाय, त्यासाठी राजकारण्यांना वळवण्याचं काम तिने स्वतः केलंय, आणि त्यात आपण किती तरबेज आहोत हे तिला नव्यानेच कळलंय. त्याच सुमारास मार्टीकडे काम करणाऱ्या रूथचा बाप केड मुलांच्या जिवावर उठतो, तर ती त्याचा काटा काढवते. तोवर ती अडकलेली होती. इथून पुढे ती राहते, कारण तिला राहायचंय. बेन त्यानंतर त्या घरात येतो, हे विसरू नका. चौघं गेले असते तर तो बहुधा आज जिवंत असता.

आणि तरी प्रत्येक वेळी ती म्हणते, कुटुंबासाठी. मला चीड येते ती याची. भाऊ मेलाय हे माहीत असताना, तो हरवलाय असं ती जगाला सांगत फिरते. मुलं आजोबांकडे जायला निघतात तेव्हा ती स्वतःहून मनोरुग्णालयात दाखल होते. नाटक की खरंच कोसळली? मला वाटतं दोन्ही, आणि तिलाही त्यातला फरक सांगता आला नसता.

आता मार्टीबद्दल. पैसा पांढरा करण्याचा धंदा त्याचा, घरात कार्टेल आणलं त्याने, माणूसही मारलाय त्याने (वेंडीला सोडवताना, हे खरं). तरी त्याला शिव्या कमी पडतात, कारण तो हळू आवाजात आकडेमोड करतो आणि ही ओरडते. बाईने, त्यातही आईने, सत्तेची चटक लागल्याचं दाखवलं की प्रेक्षक जास्त बिथरतात. ते मान्य. पण त्यामुळे ती निर्दोष होत नाही, फक्त आरोपीच्या बाकावर तिच्या शेजारी मार्टीलाही बसवावं लागतं.

शंका असेल तर शेवटचं दृश्य पुन्हा पाहा. खासगी गुप्तहेर मेल सॅटम बेनची राख असलेली बरणी घेऊन अंगणात उभा आहे. विकत घेता न येणारा माणूस. मागून तिचा मुलगा जोना बंदूक घेऊन येतो. तोच जोना, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय असं ती चार सीझन सांगत आलीय. पडदा काळा व्हायच्या आत 'थांब' म्हणायला वेळ पुरेसा होता. ती म्हणत नाही.