वाचकांचे प्रश्न : टस्कीगीच्या विटा

प्रश्न : कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे मराठी चरित्र वाचल्यापासून ते जिथे शिकवत त्या अमेरिकेतील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेविषयी कुतूहल आहे. ती बुकर टी. वॉशिंग्टन यांनी एकट्यानेच उभारली का? कार्व्हर यांच्यानंतर तिचे काय झाले? – एक वाचक, सातारा

उत्तर : श्रेयाचा पहिला वाटा लुईस अॅडम्स यांचा आहे. जोडे शिवणारे आणि पत्रेकाम करणारे हे कारागीर एकेकाळी गुलाम होते. अलाबामातील निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मते मागायला आलेल्या गोऱ्या उमेदवाराकडे त्यांनी आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, पण केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जागेला आणि इमारतीला छदामही नव्हता. त्यामुळे ४ जुलै १८८१ रोजी शाळेचे प्रमुख म्हणून आलेल्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय शिक्षक वॉशिंग्टन यांनी चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात तीसेक विद्यार्थ्यांसह वर्ग सुरू केला, तेव्हा पाऊस आला की एखादा विद्यार्थी धडा सोडून त्यांच्या डोक्यावर छत्री धरत असे.

पुढे एक जुना मळा विकत घेऊन विद्यार्थ्यांनीच विटा पाडायला घेतल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण ठेवून १५ डॉलर उभे केले. ती भट्टी साधली, घड्याळ मात्र कायमचे गेले. त्या विटा घ्यायला आसपासचे गोरे लोकही येऊ लागले, आणि शाळेविषयीची त्यांची अढी भाषणांपेक्षा या व्यवहारानेच अधिक सैल झाली असावी. हाताच्या कामावरील या भरामुळे उच्च शिक्षण आणि नागरी हक्क मागे पडतात, हा कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र छप्परच गळत असताना विटेपासून सुरुवात करण्यावाचून वॉशिंग्टन यांच्यापुढे फारसा पर्यायही नव्हता.

कार्व्हर १८९६ मध्ये आले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या हयातीतच, १९४१ पासून, टस्कीगीत कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. स्वतः पशुवैद्य असलेले अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४५ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय उघडले, आणि १९८५ मध्ये संस्थेला विद्यापीठ हे नाव मिळाले. १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांना अमेरिकी कायदा जो वेगळा दर्जा देतो, तो टस्कीगीला आहे. प्रवेश मात्र आज सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांना खुला आहे.