मुलीचे नाव ‘मुक्ताई’ ठेवायचे आहे. नातेवाईक नाक मुरडतील का?

थोडी कुजबूज होईल, हे गृहीत धरावे. आमच्या लेकीच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘मुक्ताई’ म्हटल्यावर पाळण्याभोवतीच्या बायका क्षणभर गप्प झाल्या आणि एका आजींनी विचारले, ‘‘एवढ्याशा जिवाला आई कसं म्हणायचं?’’ प्रश्न रास्त होता, कारण ते आदराचे संबोधन आहे. परंतु ज्ञानेश्वर ताटी लावून बसले असता, भावंडांत सर्वांत धाकटी असूनही, त्यांची समजूत काढणाऱ्या बहिणीलाच वारकऱ्यांनी ते दिले, आणि जळगाव जिल्ह्यातील एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, तेही तिच्याच नावाने. हे ऐकल्यावर त्या आजींनीच पाळण्याची दोरी हाती घेतली. जन्मदाखल्यावर मात्र पूर्ण ‘मुक्ताई’च लिहावे; घरी ‘मुक्ता’ आपोआप होते.