शेजारची बँक बंद पडली म्हणून चांगल्या बँकेतली एफडी मोडावी का?

तुमचा प्रश्न असा: एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आईची ८ लाखांची एफडी नागपूरच्या महाल भागातल्या दुसऱ्याच सहकारी बँकेत आहे, ती आजच काढावी का? आणि ठेवीवरचा ५ लाखांचा विमा खरा की नुसता बोर्डापुरता?

मी नागपुरात एका छोट्या सहकारी बँकेच्या काउंटरवर २६ वर्षं काढली. एकदा भलत्याच बँकेचं शटर पडलं आणि तिसऱ्या दिवशी रांग आमच्या दारात. आमचा त्या बँकेशी संबंध एवढाच की दोघींच्या नावात ‘सहकारी’ होतं. मेथीची जुडी घेऊन चाललेल्या एका बाईंनी विचारलं, “काय होऊन राहिलं जी?” आणि त्या पासबुक आणायला घरी गेल्या. साथ पसरते ती अशी. रांगेतला कुणीच वेडा नव्हता. बँक ठेवीतला बराचसा पैसा कर्जाऊ देते. तो वर्षानुवर्षं हप्त्यांनी परत येतो, रांग मात्र आज लागते. गल्ल्यात सगळ्यांपुरतं नाही हे कळल्यावर पुढचा नंबर लावणं हाच शहाणपणा वाटतो.

साथ पसरायची दुसरी वाट लोकांना दिसत नाही. बँका एकमेकींकडे ठेवी ठेवतात. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढता येत होते, तेव्हा इतर सहकारी बँकांचे पैसेही तिथे अडकले. एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या ठेवीला विमा नसतो. आणि घबराट तर मोठ्यांनाही सोडत नाही: अमेरिकेत २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर मागितले गेले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. तिथल्या बहुतेक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेरच्या होत्या, म्हणून पळापळ झाली.

विम्याचं खरं काम हेच, माणसाला रांगेत उभं राहायची गरज वाटू नये. १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, १९६२ पासून आपल्याकडे ठेव विमा आला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ ते २०२० ती १ लाखावर अडकून बसली, मग ५ लाख झाली. हप्ता बँक भरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत पैसे मिळायला हवेत. आधी परवाना रद्द होईपर्यंत लोक वर्षानुवर्षं ताटकळायचे. विलीनीकरणाचं घाटत असेल तर मुदत पुढे सरकू शकते.

आता आईचं. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं एकत्र धरतात. म्हणजे ३ लाख आणि वरचं व्याज उघडं आहे. पण तुमच्याबरोबरचं संयुक्त खातं वेगळं मोजतात. आईचं तिथे कर्ज असेल तर ते आधी वळतं होईल. मी असतो तर घाबरून काही मोडलं नसतं; मुदत संपली की जास्तीची रक्कम दुसऱ्या बँकेत नेली असती.

त्या दिवशी एका काकाजींनी ३ लाखांची एफडी मोडली, १ टक्का व्याज कापून घेतलं, बचत खात्यातून सगळी रोकड काढली आणि कापडी पिशवी मांडीवर घेऊन तासभर आमच्याच पायरीवर बसले. ठेवायची कुठे, हे ठरलं नव्हतं. पाचव्या दिवशी परत आमच्याकडेच आले.

एक मात्र आजच बघा: पावतीवर ‘बँक’ छापलंय की ‘पतसंस्था’. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, तिथे त्यातून एक रुपयाही येणार नाही.