वाचकांचे प्रश्न : तारेची अँटेना किती लांब असावी?

प्रश्न : तापमानाची नोंद दूरच्या खोलीत मिळावी म्हणून मी ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त ट्रान्समीटर आणि रिसीव्हर मॉड्यूल वापरत आहे. एका खोलीत दोन्ही व्यवस्थित चालतात, मात्र मध्ये दोन भिंती आल्या की संदेश तुटतात. मॉड्यूलसोबत आलेली स्प्रिंग काढून तार लावावी असे एक मित्र सुचवतो आणि तिची लांबी १७ सेंटीमीटर सांगतो. दुसऱ्याच्या मते ती ६९ सेंटीमीटर हवी, कारण तार जितकी लांब तितका पल्ला अधिक. रिसीव्हरच्या बोर्डाला बोट लावले की संदेश येऊ लागतात, हेही माझ्या लक्षात आले आहे. नेमके काय करावे?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या मित्राचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ६९ सेंटीमीटर येते. तथापि टोकाशी जोडलेली पूर्ण तरंगलांबीची तार जोडणीच्या जागी हजारो ओहमच्या घरातील रोध दाखवते, तर अशी मॉड्यूल साधारणपणे ५० ओहमच्या अँटेनेसाठी बनवलेली असतात; त्यामुळे बरीचशी ऊर्जा तारेत शिरतच नाही. पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १७.३ सेंटीमीटरची तार चांगल्या ग्राउंडवर (खालच्या धातूच्या पृष्ठभागावर) उभी असेल तर हाच रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो आणि जोडी बऱ्यापैकी जमते. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेची योग्य लांबी यापेक्षा काही टक्क्यांनी कमी भरते, म्हणून तार १७.५ सेंटीमीटरची कापावी आणि चाचणी घेत दोन-दोन मिलिमीटरने कमी करत जावे. माप डाखाच्या जागेपासून घ्यावे आणि बोर्डावर अँटेनेकडे जाणारी तांब्याची पट्टी लांब असेल तर तीही हिशेबात धरावी. तारेच्या जाडीची फार चिंता नको. स्वतःच्या बळावर सरळ उभी राहील अशी एकेरी तांब्याची तार पुरेशी आहे.

लांबीइतकेच महत्त्व तुमच्या पत्रातील शेवटच्या निरीक्षणाला आहे, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. पाव तरंगलांबीची तार ही अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग तिच्या खालच्या धातूच्या पृष्ठभागाने, म्हणजे ग्राउंडने पुरवायचा असतो. तुमच्या मॉड्यूलचा बोर्ड अंगठ्याएवढा असल्याने तो भाग जवळजवळ नाहीच आणि बोट लावताच तुमचे शरीर त्याची जागा घेते. यावर सोपा उपाय असा की मॉड्यूलच्या ग्राउंडच्या पिनला, शक्यतो अँटेनेच्या जोडणीजवळच, तितक्याच लांबीची दुसरी तार डाखावी आणि ती पहिलीच्या नेमक्या विरुद्ध दिशेला सरळ ताणावी. असा साधा डायपोल तयार होतो. अधिक मेहनतीची तयारी असेल तर ग्राउंडला चार तारा जोडून त्या सुमारे ४५ अंशांत खाली झुकवाव्यात. मग रोध ५० ओहमच्या बराच जवळ येतो. सुधारणा दोन्ही टोकांना करावी आणि दोन्हीकडील अँटेना उभ्या ठेवाव्यात. एक उभी आणि दुसरी आडवी असेल तर संदेश चांगलाच क्षीण होतो. भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनांमुळे घरात तो पूर्णपणे बुडत नाही, एवढेच.

स्प्रिंग टाकाऊ नसते, पण जागा वाचवण्यासाठी केलेली ती तडजोड आहे आणि मोकळी सरळ तार सहसा तिला मागे टाकते. डबा लहान असेल तर तार काही सेंटीमीटर सरळ वर नेऊन मग काटकोनात वळवावी. ती उलट वळवून स्वतःला समांतर आणू नये, कारण शेजारच्या दोन भागांतील प्रवाह विरुद्ध दिशांना वाहतात आणि एकमेकांचा परिणाम बराचसा पुसून टाकतात. डबा धातूचा असेल तर तार बाहेर काढण्याला पर्याय नाही.

चाचणी टेबलावर समोरासमोर घेऊ नका. इतक्या जवळून कोणतीही तार उत्तम वाटते. ट्रान्समीटरला क्रमांक घातलेले १०० संदेश पाठवू द्या, रिसीव्हर जिथे जेमतेम चालतो तिथे ठेवा, हात दूर घ्या आणि किती संदेश पोहोचले ते मोजा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर फरक कशाने पडला ते उमगणार नाही.

प्रश्न : हीच तार ८६८ मेगाहर्ट्झच्या आणि २.४ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलला चालेल का?

उत्तर : नाही. ८६८ मेगाहर्ट्झसाठी १७.३ सेंटीमीटर म्हणजे अर्धी तरंगलांबी होते आणि टोकाशी पुन्हा तोच प्रचंड रोध उभा राहतो, तिथे ८.६ सेंटीमीटर धरावे. २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी अवघी ३.१ सेंटीमीटर भरते. ४३३ मेगाहर्ट्झवर एका मिलिमीटरची चूक अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक असते, इथे तीच तीन टक्क्यांवर जाते, म्हणून या मॉड्यूलच्या बोर्डावर छापलेली अँटेना असेल तर हाताने कापलेल्या तारेपेक्षा तिच्यावर विसंबणे बरे. मात्र जास्त शक्तीचे मॉड्यूल अँटेनेविना कधीही चालू करू नये. परतणाऱ्या ऊर्जेमुळे त्याचा शेवटचा प्रवर्धक निकामी होऊ शकतो.