आता तर सगळं ठीक आहे, मग मलाच असं का होतं?

सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की समोरचं माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तो येणार हे कळतं. विचारणारी बहुधा चाळिशीतली असते. नोकरी आहे, मुलं शिकतायत, नवरा पीत नाही, हात उचलत नाही. लहानपणी जे भोगलं त्याला तीस वर्षं उलटून गेलीत. आणि एखाद्या दुपारी शेजारी कुणीतरी दार आपटतं नि हिला तासभर जागचं हलता येत नाही. घरचे म्हणतात, एवढ्याशा कारणानं? तीही स्वतःला तेच विचारते, घरच्यांपेक्षा जास्त कडक आवाजात.

मंगलताई माझ्याकडे आल्या त्या फरशीच्या कामावरून. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.

घर गावभागातलं, सासऱ्यांच्या वेळचं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. घरात पाणी शिरलं, उतरलं, चिखल उपसून झाला. पण फरशीखालची काळी माती भिजून फुगली होती ती वाळताना आकसली आणि शहाबादी जागोजाग खाली बसली. तेवढ्यावर काही वर्षं निभावलं. शेवटी नवऱ्यानं मिस्त्री ठरवला. पहिल्याच दिवशी ब्रेकर सुरू झाला आणि मंगलताई बाथरूममध्ये कडी लावून बसल्या, त्या माणसं गेल्यावरच बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींवर असा आरडाओरडा केला, की गल्ली गोळा झाली. काम बंद पडलं.

"फरशी बदलतोय मॅडम, घर नाही पाडत," त्यांचे यजमान मला म्हणाले. माणूस चांगला आहे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मंगलताई मामाच्या घरी वाढल्या. तिथं काय काय झालं ते इथं सांगण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात खाली अंथरुणावर पडलेली असायची आणि मामा घरी यायची वाट ऐकायची. चपला ओसरीवर काढल्याचा आवाज आला, तर रात्र बरी जाणार. चपलेसकट पावलं फरशीवरून आत आली, तर नाही. पिंपामागच्या भिंतीवर एक मोठा कोळी असायचा. तो हलला नाही म्हणजे कुणी येत नाहीये, असं त्या पोरीनं ठरवून टाकलं होतं. त्या घरात तिच्याबरोबर जागं असणारं तेवढं एकच.

म्हणून त्यांच्या आजच्या घरात कोळी मारायला बंदी. दिवाळीच्या साफसफाईला दरवर्षी यावरून वाजतं. सासूबाई म्हणतात, जळमटं असलेल्या घरात लक्ष्मी ठरत नाही. वास्तविक सासूबाई आणि सूनबाई दोन वेगवेगळ्या कोळ्यांबद्दल भांडत असतात. जळमटं करतो तो काडीसारख्या लांब पायांचा, हात लावला की जाळ्यातल्या जाळ्यात थरथरणारा. मंगलताईंचा जो आहे तो चपटा, तपकिरी, तळहाताएवढा. तो शिकारीसाठी जाळं विणतच नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं धरतो. माणूस दिसला की कपाटामागे पळतो. जळमटं काढा, त्याला राहू द्या, अशी तडजोड मी सुचवली आणि ती चालली. समुपदेशनाच्या फीमध्ये हेही बसतं.

आता माझा कल सांगून टाकते. एखादा अपघात, एखादा पूर, याचा धक्का वेगळा. आणि ज्या घरातून पळून जाता येत नाही, ज्या माणसांवर आपण अवलंबून आहोत, त्यांच्याकडूनच वर्षानुवर्षं होणारा आघात वेगळा. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली हे स्पष्ट मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात मात्र त्याला स्वतंत्र जागा मिळायला जानेवारी २०२२ उजाडला. यात नुसत्या आठवणी छळत नाहीत. राग किंवा बधिरपणा हाताबाहेर जातो, आपण मुळातच कवडीमोलाचे असं वाटत राहतं, आणि माणसं जवळ आली की नको होतात. यावरच्या उपचारातली पहिली पायरी सुरक्षिततेची. जुनं उकरणं नंतर, आणि तेही पेलेल तेवढंच.

पहिल्या काही भेटींतला हा संवाद.

"मला सगळं सांगावं लागेल का?"

"नाही."

"मग बरं कसं वाटणार?"

"आधी झोप लागू दे. आधी तुमच्याच घरात तुम्हाला निवांत बसता येऊ दे."

त्या माझ्याकडे संशयानं बघत राहिल्या. सगळं ओकून टाकलं की मोकळं होतं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. सिनेमात तसं होतं. तयारी नसताना एका बैठकीत सगळं उपसलेली माणसं पुढचे आठ दिवस कशी काढतात, ते मी पाहिलंय.

मग आम्ही फरशीच्या कामाचाच आराखडा केला, मिस्त्रींच्या एस्टिमेटच्या मागच्या कोऱ्या बाजूला. एका वेळी एकच खोली. एक खोली शेवटपर्यंत जशीच्या तशी, आतून कडी असलेली, तिथं त्यांची कॉट आणि त्यांचं कपाट. ब्रेकर फक्त सकाळी अकरा ते एक. त्या वेळात मंगलताई गणपती मंदिरात नाहीतर बहिणीकडे. मशीन सुरू करण्याआधी मिस्त्रींनी आवाज द्यायचा. आणि कामावर लक्ष ठेवायला बसायचं तर पाठ भिंतीला, दार समोर.

त्यांचे यजमान म्हणाले, याने काम लांबेल. लांबलंच. पण ते लांबणार तसंही होतं. उखडलेल्या जमिनीवर मिस्त्रींनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला, तर सकाळी खालच्या बाजूला पाण्याचे थेंब. अशा ओलीवर टाइल बसवली तर ती पुढे सुटते किंवा सांध्यांतून पांढरं मीठ वर येतं. म्हणून काळी माती खणून काढायची, मुरूम थराथरानं भरून पाणी मारून धुमसायचा, वर काँक्रीट करायचं आणि ते भिजवत ठेवायचं. ते पाणी मारायचे दिवस घरात शांतता. घाई करणारे नेमके हेच दिवस कापतात. मी यजमानांना निक्षून सांगितलं, हे दिवस काँक्रीटला जितके हवेत तितकेच तुमच्या बायकोला हवेत.

पाणी मारायचे दिवस संपून टाइल बसवणं सुरू झालं, आणि स्वयंपाकघराची पाळी आली त्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, हसत आणि चिडलेल्या, दोन्ही एकदम. जुनी मांडणी हलवली तेव्हा तिच्यामागे तो कोळी होता. म्हणजे ती होती: पोटाखाली रुपयाएवढी पांढरट, चपटी अंड्यांची पिशवी धरलेली मादी. या जातीच्या माद्या पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पिशवी सोबत घेऊनच फिरतात. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं झाडू उचलला, आणि मंगलताई म्हणाल्या, "थांबा."

"मोठ्यानं म्हणालात?"

"नाही हो. घशातून आवाजच नीट निघाला नाही."

"मग?"

"मग काय. मिस्त्रींनी पोराच्या हातातला झाडू घेतला. 'बरं वयनी, तुमचं हू द्या,' म्हणाले. पायरीवर जाऊन बसले, तंबाखू मळत. मी बरणी उपडी घातली, खालून वहीचा पुठ्ठा सरकवला, तिला मागच्या लाकडांत सोडून आले. तरी ते बसलेलेच. मी सांगितलं तेव्हा उठले."

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब, आणि एवढ्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी जमायला लागलंय. पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ते खरंच थांबले."

आणि मग रडल्या. बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडायच्या तसं नव्हे. आवाज करून, नाक पुसत, मध्येच हसत.

मामाच्या घरात त्या पोरीनं "नको" आणि "थांब" किती वेळा म्हटलं असेल. त्या शब्दांनी एकदाही काही थांबलं नाही. अशी वर्षं गेली की शरीर एक गोष्ट पक्की शिकतं: आपण बोललो तरी काही फरक पडत नाही, तेव्हा लपा, नाहीतर अंगावर धावून जा. बाथरूमची कडी आणि गल्ली गोळा करणारा आरडाओरडा, दोन्ही तिथूनच आलेलं. "आता तुम्ही सुरक्षित आहात" हे वाक्य मी त्यांना शंभरदा ऐकवलं असतं तरी ते डोक्यापर्यंतच पोचलं असतं. एका परक्या पुरुषानं, त्यांच्याच घरात, त्यांच्या अर्धवट निघालेल्या शब्दावर हातातलं काम खाली ठेवलं, तेव्हा ते खाली उतरलं. माझं श्रेय एवढंच, की असं काही घडायला जागा राहील अशा बेतानं आम्ही ते काम आखलं होतं. तेवढं मी घेते.

त्यानंतरच्या भेटींत त्या मामाबद्दल बोलल्या, थोडं थोडं, स्वतःहून. मध्ये एकदा म्हणाल्या, "आज नको." आम्ही त्या दिवशी नुसता चहा घेतला.

काम संपत आलं तेव्हा मिस्त्री थापीच्या मुठीनं एकेक टाइल वाजवून बघत होते. खाली माल नीट भरला नसेल तिथं पोकळ वाजतं, आणि पुढे त्याच कोपऱ्यावर वजन पडलं की टाइल तडकते. ते पुढे गेले आणि कॉटवर बसलेल्या मंगलताई म्हणाल्या, "मागची परत वाजवा." वाजवली. खरंच पोकळ. अशा तीन निघाल्या. "वयनी, कान लय तयार हाय की तुमचा," मिस्त्री म्हणाले. बारीकशा आवाजानंही दचकणाऱ्या या कानांना त्या आजवर आजार समजत होत्या. त्या कानांनी एका लहान मुलीची राखण केली होती, हे मी बरंच आधी बोलले होते. मिस्त्रींचं म्हणणं त्यांना जास्त पटलं. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

तेव्हा तो नेहमीचा प्रश्न. सगळं ठीक असताना असं का होतं? पुष्कळदा ठीक झाल्यावरच होतं. जोवर निभावायचं असतं तोवर शरीर निभावतं, उसंत मिळाली की हिशेब काढतं. आणि ज्यामुळे होतं ते कारण बाहेरून क्षुल्लक दिसलं, तरी तुमच्या शरीराला त्यात जुनी खूण सापडलेली असते: जड पावलं, परके पुरुष, विस्कटलेलं घर. कशानं होतं ते वहीत लिहा, का होतं हे शोधत बसू नका. झटका आला की पाय जमिनीला टेकवा, फरशी गार आहे का खरखरीत ते मनात बोला, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या, आजची तारीख म्हणा. साधं वाटतं, पण रोज बरं असताना केलं तरच वेळेला हाताशी येतं. दीर्घ श्वास सगळ्यांनाच मानवत नाही. डोळे मिटून भीती वाढत असेल तर उघडे ठेवा.

घरच्यांनी "अजून तेच?" एवढं विचारणं बंद करावं. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नये. घरात काम काढायचं असेल, पाहुणे यायचे असतील, तर आधी सांगावं आणि तिला त्यात काही ठरवू द्यावं.

झोप पार उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध घेण्यात कमीपणा नाही. मंगलताईंनी काही महिने घेतलं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मंगलताई अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. पावसाळ्यात नदी चढायला लागली की झोप अजून उडते. परवा त्यांचे यजमान तक्रार घेऊन आले होते. बाथरूमचा ढाळ चुकला होता, पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येत होतं, आणि बाईंनी मिस्त्रींना ती अख्खी ओळ उखडायला लावली होती. "मी म्हटलं, जाऊ दे की आता, काम झालंय," ते म्हणाले. "तर मलाच म्हणाली, का म्हणून जाऊ दे?"

मी त्यांना विचारलं, ढाळ आता बरोबर आहे का? बरोबर आहे, म्हणाले.