'ब्लॅक पँथर'चं 'काळा चित्ता' करू नका

प्रश्न असा आहे: 'ब्लॅक पँथर' या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव मराठीत 'काळा चित्ता' असं लिहावं का, आणि हे नाव आलं कुठून?

लिहू नये. चित्ता हा वेगळा प्राणी, आणि त्याचं नावच अंगावरच्या ठिपक्यांवरून पडलेलं. ब्लॅक पँथर म्हणजे आपल्याकडचा काळा बिबट्या; उन्हात बघितलं तर त्याच्या काळ्या कातडीवरही ठिपके दिसतात. अमेरिकेच्या दक्षिणेत पँथर म्हणतात ते प्यूमाला, आणि तो असतो तांबूस-पिवळा. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'थेर' म्हणजे पशू, ही फोड मागाहून जुळवलेली. संस्कृत 'पुंडरीक' म्हणजे वाघ, त्याच्याशी नातं लावणारेही आहेत. ते सगळं बाजूला ठेवा, कारण संघटनेचं नाव कोशातून नाही, मतपत्रिकेवरून आलं.

अलाबामातला लाउंड्स परगणा सेल्मा आणि मॉंटगोमरीच्या मधे आहे. वस्तीत जवळजवळ 80 टक्के कृष्णवर्णीय, पण 1965 उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यांच्यातला एकही नाही. स्टोकली कारमायकेल आणि 'स्निक' या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते तिथे मतदारांची नावं नोंदवायला उतरले, आणि जॉन ह्यूलेट यांच्या नेतृत्वाखाली लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन हा स्थानिक पक्ष उभा राहिला. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चित्राचं चिन्ह घ्यावं लागे. आपल्याकडेही 1951-52 पासून त्याच कारणाने चिन्हं आहेत. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली! समोर काय उभं करायचं? आधी कबुतर सुचलं, ते पटलं नाही. मग अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या चिन्हातला पँथर घेतला.

3 मे 1966 ला हेनव्हिलजवळच्या एका चर्चपाशी सुमारे 900 जणांनी मत देऊन 7 उमेदवार निवडले: शेरिफ (परगण्याचा पोलीसप्रमुख), कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा), करआकारणी अधिकारी, करवसुली अधिकारी आणि शिक्षण मंडळाचे तिघं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सगळे पडले. चिन्ह मात्र टिकलं, कारण संघटनेचं लांबलचक नाव कोण छापणार? वार्ताहरांनी चित्र बघितलं आणि सरळ 'ब्लॅक पँथर पार्टी' असं छापलं. म्हणजे नाव बारशाला ठरलेलं नाही, वृत्तपत्रांनी लावलेलं आहे. 'ब्लॅक पँथर' नावाच्या चित्रकथेतल्या नायकावरून नाव घेतलं असं ठामपणे सांगणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात: तो नायक जुलै 1966 च्या अंकातला, आणि लाउंड्सचा पँथर त्याआधीपासून पत्रकांवर होता.

ऑक्टोबर 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेच चिन्ह आणि तेच नाव घेऊन आज प्रसिद्ध असलेली संघटना काढली. एप्रिल 1967 मध्ये त्यांनी स्वतःचं वृत्तपत्रच काढलं. पहिला अंक चार पानांचा, सायक्लोस्टाइलवर काढलेला, आणि विषय जवळच्या रिचमंडमध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेला कृष्णवर्णीय तरुण डेंझिल डाउएल. दुसऱ्यांनी दिलेल्या नावाखाली आपली बातमी आपणच छापायची, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे संघटनेचा चित्रकार एमरी डग्लस याच्या जाड रेषांच्या चित्रांनी ते वृत्तपत्र लांबूनही ओळखू येई.

आणि मराठीत? 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने 'ब्लॅक'च्या जागी 'दलित' घातलं आणि 'पँथर' जसाच्या तसा ठेवला. तेव्हापासून तो मराठी शब्द आहे: पँथरची छावणी, पँथरचा मोर्चा, 'तो जुना पँथर'. बातमीत 'काळा चित्ता पक्ष' आला तर मुद्रितशोधकाने तो तिथेच खोडावा आणि 'ब्लॅक पँथर पक्ष' लिहावं.