कचरा डेपोच्या काळ्या पाण्यातली हार्मोन बिघडवणारी रसायनं मोजता येतात का?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात तुमच्या गावालगतच्या डेपोचं काळं पाणी ओढ्याला मिळतं, खाली भाताची खाचरं आणि विहिरी आहेत. त्या पाण्यात हार्मोन बिघडवणारी रसायनं आहेत का, हे कळेल का?

कळेल. मी बेळगावचीच, पाणी तपासणीच्या कामात आहे. या पाण्याला आम्ही लिचेट म्हणतो. कुजलेल्या कचऱ्यासोबत प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, थॅलेट, साबण-डिटर्जंटातून येणारं नोनिलफिनॉल त्यात उतरतं. जपानमधल्या डेपोंच्या लिचेटमध्ये बिस्फेनॉल ए लिटरला १७ मिलिग्रॅमपर्यंत सापडलंय. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिचेटसाठी बीओडी, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं), शिसं, पारा, फिनॉलिक संयुगं यांच्या मर्यादा होत्या, पण बिस्फेनॉल ए किंवा थॅलेटचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून नेहमीच्या रिपोर्टात ते दिसणारच नाही, मुद्दाम मागावं लागतं.

खरी मेख नमुना घेण्यात आहे. एकदा जुलैत चिखलामुळे ओढ्यात उतरता येईना, म्हणून मी पीव्हीसीच्या नळीनं पाणी ओढून घेतलं. थॅलेटचा आकडा बघून पोटात गोळा आला. मग त्याच नळीतून शुद्ध पाणी सोडून तपासलं, तर जवळपास तेवढंच थॅलेट! पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेटच घालतात. त्या दिवसाचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले. म्हणून मिथेनॉलनं विसळलेली गडद काचेची बाटली, बर्फाचा डबा, आणि प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली सोबत. तीही डेपोवरच उघडायची, म्हणजे बाटलीतून किंवा हवेतून किती मिसळलं ते कळतं.

प्रयोगशाळेत पाणी काचतंतूच्या फिल्टरातून गाळतात. गाळ फेकू देऊ नका, थॅलेट आणि नोनिलफिनॉल त्यालाच चिकटून बसतात. गाळलेलं पाणी शोषक कार्ट्रिजमधून, म्हणजे रसायनं धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून सोडायचं. विहिरीचं लिटरभर पाणी सहज उतरतं, लिचेटचं शंभर मिलिलिटर उतरेपर्यंत कार्ट्रिज कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं आणि थेंब थेंब पडू लागतो. नंतर मिथेनॉलनं रसायनं सोडवून एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे रसायनं वेगळी करून त्यांच्या रेणूच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजतात. तो तपकिरी भाग यंत्राचा सिग्नल दाबतो आणि आकडा कमी दिसतो. त्यासाठी सुरुवातीलाच ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं, यंत्राला वेगळं ओळखू येणारं) बिस्फेनॉल ठरावीक प्रमाणात मिसळतात. ते जेवढं कमी भरेल, त्यावरून खरा आकडा काढतात.

ही तपासणी महाग आहे. म्हणून आधी स्वस्तातली करा: डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक, दोन्हींतलं क्लोराइड आणि अमोनिया, जे लिचेटमध्ये भरपूर असतात. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. आपल्याकडच्या जांभ्यातून पाणी झरझर उतरतं, त्यामुळे खालच्या विहिरीत लवकर फरक दिसू शकतो. शेजारी शोषखड्डा किंवा उकिरडा नसलेल्या विहिरी निवडा, नाहीतर क्लोराइड तिथूनही येतं. फरक दिसला तर त्या विहिरीचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या आणि प्रयोगशाळेला आधीच विचारा, कोऱ्या बाटलीचा आकडा रिपोर्टात देणार का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.